सागवानी छापाचं दार

चहा घ्या आधी, गार होतोय. सांगतो, पण हसायचं नाय हं! माझा जीव जायचा राहिला होता त्या दिवशी. तुम्ही म्हणाल, एका दारापायी कुणाचा जीव जातो का? जातो हो! दार बघायला माझे सासरे येणार असले तर हमखास जातो.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा वनखात्यात गार्ड होते. उभी हयात जंगलात गेली. आता रिटायर झालेत, पण नजर तीच. बरं, माणूस रागावत नाय, आवाज चढवत नाय. जावयाला तोंडावर वाकडं बोलायचं नाय हा त्यांचा नेम. हळूच "जावईबापू" म्हणतात, आणि मी बसल्या जागी उभा राहतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून त्यांच्यासमोर मी ऐसपैस बसलेलो नाय.

तर हर्सूलकडं घर बांधायला काढलं. लाकडाचे भाव असे चढले, की खिडक्या केल्या अॅल्युमिनियमच्या, बाथरूमला पीव्हीसीचं दार आणि आतल्या खोल्यांना त्या नवीन प्लास्टिक-भुशाच्या फळ्या. सगळ्या घरात लाकूड म्हणाल तर पोळपाट-लाटणं! राहिलं घराचं पुढचं, तोंडाचं दार. मामांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "बाकी काय बी करा जावईबापू, तोंडाचं दार तेवढं सागवानी असावं."

गेलो लाकडाच्या वखारीत. सागवानाचा भाव ऐकला आणि तिथल्याच एका ओंडक्यावर बसकण मारली. वखारवाल्या चाचांना माझी दया आली असावी.

"साब, सागवान का नाम नक्को लो. लोहे का दरवाजा लेलो, ऊपर लकडी का छापा. आजकल सब लोगां वोइच ले रहे."

"चाचा, मेरे ससुर पहचान लेंगे."

"अरे, बढई बी नै पयचानता, ससुर क्या चीज है!"

चाचांना माझे ससुर माहीत नव्हते. पण मला तर होते ना? तरी मी घेतलं! दार बसलं, चौकट पण त्याच लोखंडाची. रेषा, गाठी, रंग सगळं हुबेहूब. मी स्वतः दोनदा फसलो.

आणि त्याच आठवड्यात मामांचा फोन. "जावईबापू, तोंडाच्या दाराचं काय ठरलं?"

बोलायचं होतं, 'मामा, लोखंडाचं बसवलं, परवडत नव्हतं.' एवढं सरळ वाक्य! पण जीभ टाळूला चिकटली आणि सुटली ती भलतीकडंच. "बसलं की मामा! अस्सल सागवानी!"

"बसलं बी? ब्येस झालं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

बायको मागंच उभी होती. "अहो, तुम्ही बाबांशी खोटं बोललात?"

"अगं, नाय ओळखणार ते."

"ते? ताडपत्री टाकलेला चोरीच्या लाकडाचा ट्रक नुसता वासावर अडवायचे ते! तुमचं तुम्ही निस्तरा. मी खोटं बोलणार नाही, आणि चुगलीही करणार नाही."

झालं! तिथून वास्तुशांतीपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाय. कंपनीत बसलो तरी डोळ्यांपुढं मामांचं बोट यायचं, दारावर टकटक करणारं. लोखंड म्हणजे टण्ण वाजणार. मग काय करायचं? वखारीतून सागवानाचा भुसा आणला आणि पूजेच्या दिवशी सकाळीच उंबऱ्यापाशी पसरला. म्हटलं, वास तरी येईल! बायकोनं कपाळाला हात लावला आणि झाडू घेऊन आली. मी तिच्या हातापाया पडलो, तेव्हा कुठं कोपऱ्यातला मूठभर भुसा वाचला.

पाव्हणे यायला लागले. मामा आले, मेहुणा आला, साडूभाऊ आले. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे मालक, वाळूजकडं त्यांचंही घर चालू आहे. मी दाराला पाठ लावून उभा. कुणी हात वर केला, की त्याच्या हातात सरबत. पण यजमान किती वेळ दारात उभा राहणार? गुरुजींनी बोलावलं, "यजमान, पाटावर या." उपरणं बांधून बसलो आणि नजर दाराकडं.

तेवढ्यात मेहुणा स्टुलावर चढला! एका हातात तोरण, दुसऱ्या हातात हातोडी.

"दाजी, चौकटीला खिळा ठोकतो हं."

"नको रे! अरे बाबा, नको..." मी ओरडलो, पण गुरुजींचे मंत्र माझ्यापेक्षा मोठे.

टण्ण!

मामा माझ्या शेजारीच बसलेले. मला दुसरं काय सुचणार? पुढ्यातली पूजेची घंटा उचलली आणि जोरात हलवायला लागलो. टण्ण झालं की माझं टिणटिण, टण्ण झालं की टिणटिण!

"यजमान, आरतीला अजून अवकाश आहे," गुरुजी म्हणाले.

"भक्ती दाटून आली, गुरुजी!"

मेहुण्याचा खिळा वाकला. "दाजी, लाकूड लई कडक हाय हो!" तो वरून ओरडला. त्याच्या तोंडात साखर पडो! शेवटी दोरीनं बांधलं तोरण.

मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! जेवणं चालू झाली आणि मामा सुपारी कातरत बाहेर निघाले. मी पळत त्यांच्या मागं गेलो, दार ओढून घेतलं आणि बाहेरून पाठ लावून उभा राहिलो. दुपारचं आपल्या गावचं ऊन! दार तापून नुसता तवा झालेलं. सदऱ्यातून पाठ भाजायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, पण हलायची हिंमत होईना.

"जावईबापू, सावलीत या की."

"नाय मामा, इथं बरं वाटतंय."

"डोळ्यांत पाणी?"

"घर झालं ना मामा. भरून आलं."

मामांनी दार वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि हळूच म्हणाले, "जावईबापू..."

संपलं! मी दारापासून सुटलो आणि वाकून त्यांचे पायच धरले. "मामा, चुकलो! लोखंडाचं आहे. सागवान परवडेना. तुमच्या भीतीनं खोटं बोललो."

मामांनी मला उठवलं. चेहऱ्यावर राग नाय, काही नाय. "अवो, ते तर म्या रिक्षातून उतरतानाच वळखलं. पण जावयाला तोंडावर कसं म्हणावं?"

"मग तुम्ही रागावला नाय?"

"रागवायचं काय त्यात? लोखंडाला वाळवी लागत नाय. ब्येस हाय. उलट म्या म्हणत होतो, खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "धोंड्याचा महिना येतोय न्हवं? औंदा जावयाला अनारसे-बत्तासे नुसते काय द्यायचे, म्हणलं सागवानी दारच द्यावं. आपल्या बांधावरचं झाड होतं. रीतसर परवानगी काढली, तोडलं, फळ्या सुकवल्या. त्या दिवशी फोन केला तो माप इचारायला."

मला पाठीची आगसुद्धा कळेना. "आता ते दार कुठंय, मामा?"

"तुमी म्हणलात, बसलं. मग धाकल्या जावयाला देऊन टाकलं. तुमाला देऊ की अनारसे."

तेवढ्यात साडूभाऊ हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी मला मिठीच मारली. नेमकी भाजलेल्या पाठीवर! "साडूभाऊ, काय मन आहे तुमचं! हक्काचं दार मला सोडलंत. रविवारी बसवायचंय, लई जड दार आहे. चार माणसं लागतील. येणार ना?"

न जाऊन सांगतो कुणाला? गेलो. पुढचं टोक माझ्याच खांद्यावर आलं. दरदरून घाम, नाकात सागवानाचा घमघमाट, आणि मागून बायकोचा आवाज, "अहो, जपून! ओरखडा पाडू नका. बाबांनी तुमच्यासाठी केलंय ते!"