भिंतीपलीकडे जाईल इतकाच आवाज

माझ्या मणक्याला क्षय झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ऐंशी सालच्या आगेमागची ही गोष्ट. दवाखान्यात मला छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी आईला सांगितलं, "नऊ महिने पाठीवर झोपवून ठेवायचं. बसवायचं नाही. कुशीवर वळवायचं तेही दोघांनी धरून." होळी नुकतीच होऊन गेली होती. नागपूरचा अख्खा उन्हाळा पुढे होता.

आमचं घर मिलच्या मागच्या ओळीत. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर. वडील गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात तागे उलगडायचे नि गुंडाळायचे, ते सकाळी जात ते दिवेलागणीला येत. माझी खाट पुढच्या खोलीत, शेजारच्या घराच्या भिंतीला लावलेली. ओळीतल्या सगळ्याच घरांच्या मधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नव्हत्या. वर दीड हाताची फट होती. तिकडची फोडणी इकडे यायची, इकडचं भांडण तिकडे जायचं.

प्लास्टरमध्ये घाम मुरतो, ते कोणी सांगितलं नव्हतं. आतून खाज सुटायची ती अशा जागी, की माझा हात काय, कोणाचाच हात पोचू नये. आई विणकामाची सुई कडेने आत सरकवायची. "इथं? इथं का?" ती विचारायची आणि ती जागा नेहमी चार बोटं पुढे असायची. वैशाखात एक दिवस आत मुंग्या शिरल्या. मी इतकी ओरडले की ओळीतल्या बाया धावत आल्या. येऊन उभ्या राहिल्या, करणार काय? मुंग्या त्यांच्या वेळेने बाहेर आल्या. त्या दिवसापासून आईने खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

मामा आखातात नोकरीला होता. सुट्टी संपवून परत जाताना त्याचा टू-इन-वन तो माझ्या उशाशी, स्टुलावर ठेवून गेला. म्हणजे एकाच डब्यात रेडिओ आणि टेप. सोबत दोन कॅसेटी. एक कोरी, एक त्याच्या आवडीच्या गाण्यांनी भरलेली. "कोरीवर वाट्टेल ते कर," तो म्हणाला. "माझ्या गाण्यांले हात नको लावू." त्याने मला शिकवलं. लाल बटण आणि त्याच्या बाजूचं बटण एकदम दाबलं की रेडिओवर चालू असेल ते कॅसेटमध्ये उतरतं. आवाज अगदी बंद केला तरी उतरतं. मला त्या वेळी यात काही विशेष वाटलं नाही.

शेजारच्या घरात एक काकू आणि तिचा नवरा राहायचे. दोघंही मिलमध्ये. काकूची पहिली पाळी, नवऱ्याची दुसरी, त्यामुळे ती तीन वाजता घरी यायची तेव्हा तो निघून गेलेला असायचा. ती तिशीची असेल. मूलबाळ नव्हतं. केसात कापसाचे तंतू घेऊनच ती आमच्याकडे यायची, खाटेच्या कडेला बसायची आणि आईच्या हातातून सुई घ्यायची. तिला ती जागा बरोबर सापडायची.

रेडिओवर त्या दिवसांत दर बुधवारी दुपारी साडेबाराला एक श्रुतिका लागायची. लहानशा गावात बदली होऊन आलेल्या एका मास्तरणीची गोष्ट. शाळेत मुली येत नाहीत, ही घरोघर फिरते. काकू तेव्हा मिलमध्ये असायची. आली की मी तिला काय झालं ते सांगायचे. एकदा ती म्हणाली, "तू सांगतेस तं समजते मले सारं. पन त्या बाईचा आवाज नाही ना वं त्यात. मी रजेवर होतो तवा दोन भाग आयकले होते, तवापासून तो आवाज डोक्यातून जात नाही."

पुढच्या बुधवारी मी दोन्ही बटणं दाबली. अर्ध्या तासाचा भाग, कॅसेटची बरोबर एक बाजू. काकू आली तेव्हा मी टेप सुरू केला. ती ऐकत राहिली आणि तिच्या हातातली सुई थांबली. संपल्यावर म्हणाली, "हे तं माह्यासाठी थांबून राहिलं वं!"

मग ते ठरूनच गेलं. एका बुधवारचा भाग एका बाजूवर, पुढचा दुसऱ्या बाजूवर, तिसरा पुन्हा पहिल्यावर, म्हणजे आधीचा पुसून. पुसताना मला वाईट वाटायचं, पण काकूने ऐकलेला असायचा. आठवड्याला एक दिवस तरी मला कोणाच्या उपयोगी पडल्यासारखं वाटायचं.

आषाढात कधीतरी तिच्या नवऱ्याचे कोणीतरी कान भरले. मिलच्या फाटकाजवळ ती कोणाशी तरी हसत होती, एवढंच. आम्हाला ते भिंतीवरून सगळं ऐकू आलं. त्याने तिला काम सोडायला लावलं, घरातला रेडिओ विकून टाकला. तिसऱ्या दिवशी ती कामावर परत घ्या म्हणून सांगायला गुपचूप मिलमध्ये गेली. तेही त्याला कळलं. त्यानंतर दुपारी अडीचला पाळीवर निघताना तो बाहेरून कुलूप लावायला लागला. मागच्या दारालाही त्याने बाहेरून पट्टी ठोकली.

ओळीत सगळ्यांना ते कुलूप दिसत होतं. मी आईला म्हटलं, "कोणी काही बोलत काहून नाही?"

आई तांदूळ निवडत होती. "बोलाचं कोणाले? त्याईच्या घरचं हाय ते." मग एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "तुह्या बाबाले सांगतो." वडिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाठून दोन शब्द सांगितले. त्याने हात जोडले आणि अडीचला कुलूप लावलं.

खरं सांगायचं तर, आणि हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही, मला आतून बरं वाटलं. इतके महिने मी एकटीच अडकलेली होते. आता भिंतीपलीकडे आणखी एक जण होती. आपलं मन असं आहे, याची मला भीतीही वाटली, पण बरं वाटलं ते वाटलंच.

बुधवारी साडेबाराला तो घरीच असायचा. मी रेडिओचा आवाज पूर्ण बंद करून बटणं दाबली. कॅसेटच्या छोट्या खिडकीत चाकं फिरताना दिसत होती, बाकी सगळं शांत. काय उतरतंय ते मलाही कळत नव्हतं. अडीचला कुलूप वाजलं. तीन वाजता मी टेप लावला, आवाज वाढवत नेला. भिंतीपलीकडे जाईल इतकाच, ओळीच्या टोकाला जाणार नाही इतका. पलीकडे लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज झाला. काकू त्या पेटीवर चढून फटीशी कान लावून उभी राहिली होती. भाग संपल्यावर वरून तिचा आवाज आला, "अजून एकदा लाव न वं."

मी पुन्हा लावला. गुरुवारीही लावला, शुक्रवारीही. आता जुना भाग पुसवेना, कारण ती मागचेही मागायची. दोन्ही बाजू भरल्या. पुढच्या बुधवारी मी मामाच्या कॅसेटकडे बघितलं. तिच्या पाठीमागचे दोन चौकोनी तुकडे त्याने मोडून टाकले होते, म्हणजे तिच्यावर चुकूनसुद्धा दुसरं काही उतरू नये. माझ्या इंजेक्शनच्या डब्यात चिकटपट्टी होती. तिचे दोन तुकडे कापून मी त्या भोकांवर लावले. मामाची गाणी गेली.

श्रावण लागला. एका दुपारी टेप संपल्यावर काकू म्हणाली, "पोरी, तुले लिहिता येते का पडल्या पडल्या?"

वर धरून लिहिलं की पेनातली शाई उतरत नाही. मी पेन्सिल मागवली. ती भिंतीवरून सांगत होती आणि मी छातीवरच्या प्लास्टरवर वही टेकवून लिहीत होते. उमरेडकडच्या तिच्या भावाला पत्र होतं. कुलूप, काम, सगळं. शेवटी तिने सांगितलं, "लिही, मी खाईन तेवढं कमावीन. फक्त राहाले जागा दे." आईने ते पत्र वाचलं नाही. पदराआड धरून टपालपेटीत टाकून आली. उत्तर आमच्या पत्त्यावर यायचं होतं.

आलं दहा-बारा दिवसांनी. पोस्टकार्डावर चार ओळी. सासरचं सासरी मिटवावं, भरल्या घरात बहीण परत आली तर आपल्या मुलींची लग्नं कशी व्हायची, नवरा आहे तर रागावणारच.

मी ते उशीखाली ठेवलं. तीन दिवस काकू विचारत राहिली, "आलं का वं?" आणि मी "नाही" म्हणत राहिले. पहिल्या दिवशी मला तिची कीव आली म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला कळलं की कारण तेवढंच नाही. ती इथेच राहणार हे त्या कार्डावर लिहिलेलं होतं, आणि ते मला हवं होतं. ती गेली तर बुधवारचं काय करायचं, हे मी मनात धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी रात्रभर पायांना मुंग्या येत राहिल्या, झोप नाही. चौथ्या दिवशी तिने विचारण्याआधीच मी म्हटलं, "काकू, पत्र आलं आहे. वाचते." आणि एकही शब्द न गाळता वाचलं.

पेटीवरून ती उतरल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघितली. मग ती म्हणाली, "बरं झालं. आता कोणाची वाट पाहाची नाही."

"टेप लावू का?"

"नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात होती. मी नेहमीसारखी छताकडे बघत होते, दुसरीकडे बघायला मान वळवावी लागायची. त्या फटीतून आधी एक बोचकं आलं आणि माझ्या पायांवर पडलं. मग दोन हात. मग डोकं, केस कवेलूंच्या धुळीने पांढरे. पोटावर भिंत घेऊन ती आडवी लोंबकळली आणि माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवायचा प्रयत्न केला, पण हात सोडता येईना. क्षणभर वाटलं ही आता माझ्यावरच पडणार आणि प्लास्टर फुटणार. पडावी, फुटावं, असंही वाटलं.

"आई!" मी हळूच हाक मारली.

आई आली, वर बघितलं. धान्याची कोठी ओढून भिंतीला लावली, वर चढली आणि काकूची कंबर धरून तिला खाली घेतलं. काकूची दोन्ही कोपरं सोलली होती. आईने हळद लावली, तिच्या डोक्यावरची धूळ झटकली, स्वतःची चप्पल तिच्या पायात दिली.

"कुठं जाशील?"

"मिलमधल्या एका बाईकडं. एकटीच राहाते थे."

काकू माझ्या खाटेशी वाकली. प्लास्टरवर हात ठेवला. आत मला तो हात कळला नाही. "येतो वं," म्हणाली आणि आमच्या दारातून बाहेर पडली. शेजारच्या दाराला कुलूप तसंच होतं.

रात्री पलीकडे त्याची आदळआपट ऐकू आली. सकाळी तो आमच्या उंबऱ्यावर उभा. "कुठं गेली?"

आई म्हणाली, "कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात. मले काहून इचारता भाऊ?"

तो आत शिरला आणि माझ्या खाटेजवळ येऊन उभा राहिला. मी खालून त्याच्याकडे बघत होते. पळता येत नव्हतं, कुशीवर वळता येत नव्हतं, चादर तोंडावर ओढायचीही हिंमत नव्हती. "तू दिवसभर इथंच असतेस. तू पाह्यलं असन."

"मला फक्त छत दिसतं," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. फट बघितली, भिंतीवर पुसलेली धूळ बघितली. त्याला समजलं असावं. आई दारातून हलली नव्हती, आणि तिच्या मागे ओळीतल्या तीन-चार बाया येऊन उभ्या होत्या. तो निघून गेला.

मिलने काकूला बदली कामगार म्हणून, म्हणजे रजेवर असेल त्याच्या जागी, घेतलं. तो पंधरा दिवस फाटकाशी जाऊन ओरडायचा. मग एक दिवस सूत खात्यातल्या सगळ्या बाया तिला मध्ये घेऊन बाहेर पडल्या, त्यानंतर गेला नाही. दसऱ्याआधी त्याने खोली सोडली.

काकू एकदा मला भेटायला आली. लाल काठाची नवी साडी, हातात पेरूंची पिशवी. मी श्रुतिकेचे उरलेले सगळे भाग तिने ऐकलेले पुसून टेप करून ठेवले होते, शेवटच्यासकट, आणि एकही ऐकला नव्हता. मी विचारलं, "लावू का?"

ती दाराकडे बघत होती. "आता नको वं, बाहेर थे बाई थांबून राहिली. मंग कधी." तिने सुई मागितली नाही. पेरू ठेवले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि गेली. ती गेल्यावर मी चिडून रडले. मला राग यावा असं तिने काहीच केलं नव्हतं.

थंडी पडल्यावर मला दवाखान्यात नेलं. करवतीने प्लास्टर कापलं. आतून भिजलेल्या पोत्यासारखा वास आला. माझे पाय बघून मला ते दुसऱ्या कोणाचे वाटले. परिचारिकांनी दोन्ही बाजूंनी धरून मला उठवून बसवलं. खोली गरगर फिरली. खिडकीबाहेर कडुलिंब होता, रस्ता होता, सायकली जात होत्या, आणि मी परिचारिकेचं मनगट घट्ट धरून म्हणत होते, "मला झोपवा. मला परत झोपवा."