मी न ऐकलेली हाक

पन्नाशी उलटेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मी खोटी साक्ष दिली.

तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रिवाज असा, की बाप्तिस्मा मागणाऱ्याने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपुढे उभं राहून सांगायचं — प्रभूने आपल्याला कसं पाचारण केलं. माझ्याआधीच्या दोघांना स्वप्नं पडली होती. मला काय झालं होतं? काहीच नाही. शिकवण मनापासून पटली होती, इतकंच. पण तेवढं पुरेल का? मी म्हणालो, पहाटे विहिरीवर मला नावाने हाक आली. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पुढे त्याच हाकेवर मला उपदेशक नेमलं, लोक मास्तर म्हणू लागले — आणि उमेदवारांना तोच प्रश्न विचारण्याचं काम माझ्याकडे आलं.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी सोपानराव पहिल्यांदा आले. मूळचे मोहोळकडचे, इथे गिरणीत मागावर. बायको आधीच ख्रिस्ती झालेली. मी विचारलं, हाक कधी आली?

"हाक न्हाय आली, मास्तर. पर जेवायला रोज कुणी हाक मारतंय व्हय? भूक लागली की आपण जातोच की."

वडीलजन हसले. मी म्हणालो, "थांबा. अजून पाचारण नाही."

का म्हणालो? त्यांची भूक खरी होती, हे मला कळलं होतं. पण त्यांना असंच घेतलं असतं — तर माझं खोटं कशासाठी होतं?

ते तीनदा आले. तीनदा खरं बोलले, तीनदा मी परत पाठवलं. अकरा वर्षं प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट त्यांच्या हाती यायचं, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून ते न खाता शेजाऱ्याला द्यायचे. ताट फिरवणारा मीच.

यंदा उमेदवारांत त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी मनाला लावून घेतलंय, मास्तर. देवालाच आपण नको हाय म्हणत्यात."

त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते, मी उभाच राहिलो.

"सोपानराव, मलाही हाक आली नव्हती. मी आली म्हणून सांगितलं. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून तुम्हाला अडवलं. देवाने नाही — मी अडवलं. तुमच्यात काही कमी नव्हतं. अपराध माझा आहे, आणि रविवारी मंडळीपुढे मी तो असाच सांगणार आहे."