जुन्नरच्या तांबटाचा हीटसिंक आणि मामाची अकरा मेंढरं

"रविवारी चारला व्यापारी येतोय. समदी मेंढरं देऊन टाकनार हाय," मामीने फोनवर एवढंच सांगितलं. प्रकरण गंभीर आहे हे मी समजले. शनिवारी पहाटे साडेपाचला मोशीहून स्कूटर काढली.

आधी भानगड सांगते. निमगाव सावाला माझ्या भिवामामाची अकरा मेंढरं आहेत. आजोबांच्या काळी मोठा कळप होता, आता शेती आणि हौसेपुरती एवढीच. मेंढरं कोंडायच्या वाडग्याला लागून ऊस, आणि उसात बिबट्या. हिवाळ्यात मी तिथे एक कॅमेरा आणि पत्र्याच्या डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवून दिला. बिबट्या दिसला की भोंगा वाजतो. थंडीत झकास चाललं. ऊन वाढलं तसा कॉम्प्युटर दुपारी तीनलाच तापून बंद पडायला लागला, आणि बिबट्या येतो दिवस मावळताना. दोन कोकरं गेली. डब्याला पंखा लावला, तर पंधरा दिवसांत त्यात लोकर जाऊन गच्च. शेवटी मामा स्वतःच काठी घेऊन वाडग्यापाशी राखणीला बसू लागला. मामीचं म्हणणं साधं होतं, "मेंढरू गेलं तर गेलं. मानूस गेला तर?"

मला पंख्याशिवाय चालणारा हीटसिंक हवा होता. खाली तांब्याची जाड पट्टी चिपला टेकलेली, आणि वर उभे पत्रे डब्याबाहेर काढून उष्णता वाऱ्यावर सोडणारे. विकत मिळतात ते एवढे उंच नसतात. मग जुन्नरच्या एका तांबटाची आठवण झाली.

जाणाऱ्यांसाठी सूचना: चाकण सहाच्या आत ओलांडा, नाहीतर ट्रकांच्या मागे धूर खात बसाल. दुचाकीला टोल नाही. नारायणगावात मिसळ खाल्ली, तिखट होती आणि मी दोनदा रस्सा मागितला, चूक माझीच. तिथून जुन्नर अर्ध्या तासावर. शिवनेरी समोर दिसतो, पण मी या वेळी गडाला नुसता लांबूनच नमस्कार केला.

दत्तूकाका तांबट सत्तरीचे. बंब आणि हंडे करण्यात हयात गेलेली. मी भंगारातली तांब्याची पट्टी आणि हीटसिंकचं चित्र पुढे ठेवलं. चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"ताई, ह्यात पानी कुठं भरायचं?"

"पाणी नाही काका. हा कॉम्प्युटर गार ठेवायला आहे."

"म्हंजी उलटा बंब!" ते खूश झाले. "जावा, बाजार फिरून या. दुपारपत्तुर देतो."

परत आले तर हीटसिंक तयार. माझ्या पट्टीवर आठ पत्रे झाळून, घट्ट सांधून उभे केलेले, लोकर अडकू नये म्हणून मधे बोटभर फट. आणि सगळीकडे, अगदी तळालासुद्धा, हातोडीचे बारीक गोल ठसे. मठारलेलं तांबं उन्हात असं चमकत होतं की माझ्या तोंडून फक्त "वा!" निघालं. मजुरी सहाशे. मी आनंदाने दिले आणि निघाले.

निमगावात पोचून जोडणी केली, डबा बंद केला. वीस मिनिटांत कॉम्प्युटर बंद. आधी जेवढा टिकायचा तेवढाही टिकला नाही. मामीने बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. मामा वाडग्याकडे निघाला, काठी घेऊन.

काय चुकलं ते बघायला डबा उघडला. तळ सपाट आहे का, हे मी बघितलंच नव्हतं. त्या ठशांमुळे तांबं चिपला चार ठिकाणी टेकत होतं, बाकी सगळी हवा. तळालाही ठसे कशाला, म्हणून दत्तूकाकांना फोन केला.

"मठारल्याबिगर तांबं गिऱ्हाइकाला देत न्हाई, ताई. पोलं, कच्च्या कामाचं दिसतं," काका म्हणाले. "पर खालून घासा. वरचं तेवढं राहू द्या."

इंजिनिअर मी, आणि ठसे बघून हुरळले मी. काकांना काय बोलणार?

रविवारी सकाळी अवसरी खुर्दला. तिथे माझी मैत्रीण वैशाली भाड्याच्या खोलीत राहते, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. कॉलेजच्या वर्कशॉपला सुट्टी, म्हणून तिने भिंतीवरचा आरसाच उतरवला. काच सपाट असते, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवायचा आणि तांबं घासायचं. आळीपाळीने दोन तास घासलं. बोटं काळी झाली, खांदे भरून आले, पण तळ असा गुळगुळीत झाला की त्यात वैशालीच्या नाकावरचा घाम दिसला. तिच्याकडचं पिठलं-भात खाऊन आतल्या रस्त्याने, खड्डे चुकवत, अडीचला निमगावात.

तीन वाजले. चालू. साडेतीन. चालू. पावणेचारला व्यापारी आला आणि बाजेवर बसला. मामी चहा घेऊन आली.

"चालू हाय ते दिसतंय. वाजतंय का?" तिने विचारलं.

मामा उठला. वनखात्याने ग्रामपंचायतीसमोर वाटलेलं बिबट्याचं मोठं चित्र त्याने घरातून आणलं, छातीशी धरलं आणि उसाच्या कडेने वाकून, दबकत चालू लागला. भोंगा असा कोकलला की मेंढरं एका कोपऱ्यात, कोंबड्या छपरावर, आणि चहा व्यापाऱ्याच्या धोतरावर. मामी पदर तोंडाला लावून हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "पावणं, दुसरा चा आनते. मेंढरं मातर द्यायची न्हाईत."

अंधार पडायच्या आत मोशीला परतले. स्कूटरला पेट्रोल तीनशेचं लागलं. हाताचा तांब्याचा वास दोन दिवस गेला नाही, आणि मला तो घालवायचाही नव्हता. खरं सांगायचं तर या प्रवासात मी बघण्यासारखं काहीच बघितलं नाही, तरी इतक्या खुशीत कुठल्याच सहलीहून परतले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी मामाचा फोन. भोंगा वाजला, बिबट्या बांधावरूनच माघारी वळला, अकराच्या अकरा जागेवर. मी ओरडलेच. तेवढ्यात मामीने फोन ओढून घेतला.

"त्ये बिबट्याचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दोन महिन्यांनी तुझा मामा आज काठी ठिवून माझ्यासंगं जेवाया बसला. लई जेवला गं."