नापास नातीसाठी बदामाचं हॉट चॉकलेट

बायांनो, आज पार थकले. बारावीत एका विषयात नापास झाली म्हणून माझी नात कालपासून जेवली नाय. दुपारी कशीबशी बोलली, "आजी, बदामाचं हॉट चॉकलेट देशील?"

मी असलं कधी केलं नाय. वाशीवरून आणलेले बदाम गरम पाण्यात घालून सोलले, काजूसोबत वाटले, दूध आटवलं, कोको टाकला. ढवळून ढवळून कंबर मोडली.

बघून म्हणते, "आजी, ही तर खीर झाली!"

म्हटलं, "मग चमच्यानं खा. नापास पोरीला स्ट्रॉ कशाला हवा?"

हसली मेली. वाटी पुसून खाल्ली आणि वर भाकरी मागितली.

आता पीठ मळतेय. तुमची पोरं उपाशी बसली तर तुमी काय देता? कमी ढवळायचं असेल तेच सांगा.