खुरावरचा हात

आमच्या केनवडच्या मामांनी उभ्या जन्मात कोणाच्या तोंडाकडे पाहून गप्पा मारल्या असतील, यावर माझा विश्वास नाही. त्यांची नजर कायम पायांवर. कोणासाठी मुलगी पाहायला गेले तर नाव विसरून येत आणि घरी सांगत, "पोरगी चांगली हाय, चाल सरळ हाय." माझ्या वडिलांना तर ते चालताना मागूनच ओळखत, असं आई म्हणे.

याला कारण मैना, त्यांची नाचरी घोडी. आसपासच्या गावांतले नवरदेव तिच्यावर बसून मांडवाकडे जात, आणि डफडं वाजू लागलं की ती असे पाय उचली की लोक नवरदेवाला विसरून जात. पण तिला नाचवण्यापेक्षा न नाचवण्यातच मामांचा जास्त वेळ जाई. लग्नाच्या आदल्या दिवशी ते वरातीची सगळी वाट अनवाणी चालून खडे वेचत. तेव्हा खडीची सडक नवीनच झाली होती. मैनेला ते कडेच्या मातीतून नेत आणि स्वतः खडीवरून चालत. रोज सकाळी चहाच्या आधी चारी खुरांवर तळहात ठेवत. खूर थंड लागला तर ठीक, जरा गरम लागला की आठ दिवस आराम, मग दारात कोणीही येवो. एक पाटील फारच गळ घालू लागले, तेव्हा मामा गोठ्यात जाऊन आले आणि त्यांच्या जोड्यांकडे पाहत म्हणाले, "इचारलं तिले. नाही म्हणते."

माझं लग्न मेडशीला होतं. मैना नाचणार, असं मी सासरी दहा वेळा सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या सकाळी, आमचं वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशात, माझा फेटा बांधून होतो न होतो तोच मामा मला तिच्याजवळ घेऊन गेले. पुढचा उजवा पाय उचलून म्हणाले, "बापू, हात लाव बरं. मले गरम लागून राह्यला."

मी हात लावला. खूर गरम होता.

"मले तं थंडाच लागते, मामा."

मामांनी आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. "तुहा हात जवान हाय, तुहंच खरं असंन," म्हणाले आणि तिच्यावर झूल घालू लागले.

मैना नाचली. दुसऱ्या दिवशी तिला तो पाय टेकवेना. नालबंद झाला, शेक झाले, लेप झाले, पण ती लंगडी झाली ती कायमचीच. मामांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर फार बरं झालं असतं. त्यांनी एवढंच ठरवलं की पोराचा हात कच्चा आहे. पुढे मी जेव्हा जेव्हा केनवडला जाई, तेव्हा ते मला गोठ्यात नेत, माझा हात धरून त्याच खुरावर ठेवत आणि समजावत, "हे पाह्य, याले गरम म्हंतेत." मी मान हलवी. मैना मरेपर्यंत ही शिकवणी चालली.

मामांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो. त्यांनी घोंगडीतून आपला पाय बाहेर काढला आणि म्हणाले, "सांग बरं."

मी तळव्याला हात लावला. "गरम हाय, मामा."

"शिकला," ते म्हणाले, आणि समाधानानं पाय आत घेतला. लग्नाच्या सकाळचं खरं मला तेव्हाही सांगता आलं नाही.