आत्याच्या चार वायरी

सकाळी धुकं असं दाटलं होतं, की समोरच्या घराचं नुसतं छप्पर दिसत होतं. खालचं घर रातोरात कुणी उचलून नेल्यासारखं. शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी दिवा लावून एका पँटची खालची पट्टी मारली, कोटाचं अस्तर टाचलं, आणि पुन्हा एकदा उठून दाराबाहेरच्या गाडीचा ओला टप फडक्यानं पुसून आले.

ही गाडी म्हणजे आत्या. मास्तरांच्या सख्ख्या आत्याकडून आलेली, आणि येताना तिचा स्वभावही घेऊन आलेली. घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी खोकणार, मग कुरकुरणार, आणि हवा दमट असली तर सरळ अंथरूण धरणार. गेल्या आठवड्यात तिनं भर चौकात अंग टाकलं. मागच्या सीटवर इस्त्री केलेले कोट आणि मागून ढकलायला मास्तरांची बायको. घरी पोचेपर्यंत बायको नुसती ढकलत राहिली. पोचल्यावर मात्र एकदाच बोलली.

"भंगारवाल्याला सांगितलंय मी. येईल तो न्यायला."

 मास्तरांनी रुसून पाहिलं, न जेवून पाहिलं, मग भूक लागली म्हणून जेवून पाहिलं. शेवटी एवढंच पदरात पडलं, की भंगारवाला परत फिरायच्या आत आत्या न खोकता सुरू झाली तर राहील, नाहीतर जाईल. आणि तो यायचा होता आजच.

दुखणं प्लगच्या वायरींचं होतं. रबराला चिरा पडलेल्या, त्यामुळे दमट हवेत करंट प्लगपर्यंत जायच्या आधीच वाटेत सांडायचा. नव्या वायरी देताना स्पेअर पार्टवाल्यानं बजावलं होतं, "एक काढा, एक लावा. चारी एकदम काढू नका. कुठली कुठे हे चुकलं, तर गाडी अंगावर येईल तुमच्या."

मास्तरांना हे पटलं नाही. कोट उसवायचा तर पुरता उसवावा, हा त्यांचा बाणा. पण माणूस निष्काळजी नव्हता. त्यांनी प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला: लाल, पिवळा, हिरवा, निळा. तोच रंग तिच्या प्लगला आणि तोच करंट वाटणाऱ्या काळ्या टोपीवरच्या तिच्या खुंटीला. मग चारही वायरी उपटून कापडं बेतायच्या टेबलावर मांडल्या आणि खूश होऊन मागच्या मोरीत हात धुवायला गेले. हाताचं काळं निघेपर्यंत साबण निम्मा झाला.

परत आले तर दोरे नव्हते. टेबलावर नाहीत, प्लगला नाहीत, टोपीलाही नाहीत. चार वायरी मेलेल्या गोमींसारख्या पडलेल्या.

"अगं, इथले दोरे कुठे गेले?"

बायको काजं करत बसली होती. "कसले दोरे?"

"रंगीत. लोंबणारे."

"ते होय! कापले की. केवढे लोंबत होते सगळीकडे! गाडीच्या आतसुद्धा."

 चूक कुणाला म्हणणार? या दुकानातून लोंबता दोरा घेऊन एकही कपडा कधी बाहेर गेला नव्हता, तो याच बाईच्या छोट्या कात्रीमुळे. तिच्या डाव्या बाहीवर लाल, पिवळे, हिरवे, निळे तुकडे झेंड्यासारखे चिकटलेले होते.

"मुद्दाम केलं असं वाटतंय ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही गं," मास्तर म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात धुक्यातून हातगाडीचा खडखडाट आला आणि पाठोपाठ भंगारवाला. "काय वहिनी, माल तयार आहे ना?" त्यानं आत्याच्या पत्र्यावर टिचकी मारली. मास्तरांना ती स्वतःच्या कपाळावर बसली.

"थांबा हो भाऊ! सुरू होतेय ती." मास्तरांनी अंदाजपंचे नव्या वायरी खोचल्या, आत बसून किल्ली फिरवली. आत्यानं आचका दिला, मागून धाडकन बार उडवला आणि गप्प झाली. शेजारच्या भिंतीवरचं मांजर फुगून दुप्पट झालं. भंगारवाला दचकून खाली वाकला, तशी त्याची पँट मागून टर्रकन उसवली.

"सुरू झाली म्हणायची का ही?" त्यानं दोन्ही हात मागे नेत विचारलं.

मास्तरांनी वायरी बदलून पाहिल्या. पुन्हा बार. या वेळी मांजर गेलंच.

बायको उठली. आत्या गेली तर तिला सुखच होतं, पण आपल्या कात्रीमुळे गेली असं जन्मभर ऐकणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं टेबलावरची एक जुनी वायर उचलली, निरखली आणि बाहेर येऊन म्हणाली, "अहो, जुना शर्ट कुणाचा, हे कोपराच्या वळणावरून ओळखता ना तुम्ही? मग ही बघा. किती वर्षं एकाच जागी वाकून बसलीय."

मास्तरांनी वायर हातात घेतली. कडक झालेलं रबर सरळ करू म्हटलं तरी होईना. नव्या वायरी काढून त्यांनी ती इंजिनावर धरली. पहिल्या प्लगवर विचित्र उताणी पडली, दुसऱ्यावर आखूड झाली. तिसऱ्याशी नेली, तर एक टोक प्लगवर, दुसरं टोक बरोबर आपल्या खुंटीवर, आणि मधलं वळण इंजिनाच्या झाकणाच्या कडेला अंग टेकून असं बसलं, जणू सकाळपासून हीच जागा मागत होतं.

"बसली गं!"

"मग बघता काय? बाकीच्या ठेवा."

बाकीच्याही आपापल्या वळणावर जाऊन बसल्या. मग मास्तरांनी स्पेअर पार्टवाल्याला मनातल्या मनात हात जोडले आणि एक काढली, तिच्याच लांबीची नवी लावली, दुसरी काढली, दुसरी लावली.

किल्ली फिरली. आत्या खोकली नाही, कुरकुरली नाही. नव्या मशीनसारखी घरघरत राहिली. मास्तरांना रडूच यायचं होतं, पण बायको बघत होती.

"राहू दे मग," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी ढकलायला तुम्ही, स्टेअरिंगला मी."

"माझं काय?" भंगारवाला भिंतीला पाठ लावून उभा होता. "गाडी नाही ते नाही, वर पँटही गेली. असा कसा जाऊ बाजारातून?"

"काढा ती," मास्तर म्हणाले.

भंगारवाला कमरेला अस्तराचं कापड गुंडाळून सुरू असलेल्या आत्यात जाऊन बसला. आत जरा ऊब होती. मास्तरांनी पँट उलटी केली, मशीनखाली घातली आणि पाय पेडलवर ठेवला. बायको छोटी कात्री घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"अजून शिवायचंय गं," मास्तर म्हणाले. "जरा धीर धर."