पिवळ्या पट्ट्यांचा बावटा

इतक्या वर्षांच्या नोकरीतली कोणती केस डोक्यातून जात नाही, असं लोक मला हमखास विचारतात. त्यांना खून किंवा दरोडा ऐकायचा असतो. मला मात्र एका कोळणीच्या ओटीवर रांगेत बसून सुकट आणि भात खाणारी चार पोरं आठवतात.

निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडची गावं ज्याच्या हद्दीत येत, अशा ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. दुपारी ठाणे अंमलदारानं एका निनावी फोनची नोंद माझ्यापुढे ठेवली. कोळीवाड्यात मासे विकणाऱ्या एका विधवेच्या घरी कालपासून चार परकी मुलं आहेत, त्यांना मराठी येत नाही, पळवून आणलेली दिसतात, असा मजकूर होता.

निनावी फोन बरेचदा शेजाऱ्याचा जुना राग काढण्यासाठी केलेला असतो. पण मुलांचा विषय असला की तो बाजूला ठेवता येत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, एका लेडी कॉन्स्टेबलला बरोबर घेतलं आणि फेरीबोटीनं पलीकडे गेलो.

घर सापडायला काही वेळ लागला नाही. चारही पोरं ओटीवर जेवत होती. सगळ्यात मोठी मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल, धाकटा जेमतेम दोनचा. त्याच्या अंगात मोठ्या माणसाचा बनियन होता आणि तो पायांपर्यंत लोंबत होता. पळवून आणलेली मुलं अशी पोटभर जेवत नाहीत, हे मला पाहताक्षणी कळलं. तरी सवयीनं मी आवाज चढवला आणि पोरं कोणाची म्हणून विचारलं.

"माजी नाय," घरमालकीण म्हणाली. तिला सगळा कोळीवाडा मावशी म्हणे. "लेकानं दर्यातून आणली. आयबाप येतील आता न्यायला. तू च्या घेतोस काय, सायबा?"

आयबाप कुठे आहेत, या प्रश्नावर तिनं लेकाकडे बोट दाखवलं. लेक तिशीतला, स्वतःच्या लहान होडीचा तांडेल. दाराशी जाळं दुरुस्त करत बसला होता. मी दहा मिनिटं त्याला प्रश्न विचारत होतो आणि त्या दहा मिनिटांत त्याच्या हातातल्या सुईनं एकही गाठ मारली नव्हती. "आयला इचारा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. ज्या माणसाच्या मनात पाप असतं तो बहुधा खूप बोलतो. हा गप्प होता, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

तोवर आमची कॉन्स्टेबल मोठ्या मुलीची वेणी घालत बसली होती. पोरं ओडिशाकडची होती, पण या मुलीला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. आई कुठे आहे, असं कॉन्स्टेबलनं सहज विचारलं.

"माँ पानी में है," मुलगी म्हणाली. "ड्रम पकड़ के. ये भैया बोला, छोड़ना मत, मैं आता हूँ."

तांडेलानं सुई खाली टाकली आणि लहान मुलासारखा रडू लागला. मग सगळं बाहेर आलं. एका बेटावर धक्क्याचं काम चाललं होतं. तिथल्या मजुरांना, बायकापोरांसकट, मुकादमानं एका जुनाट बोटीत भरून पाठवलं होतं. अंगावर लाइफ जॅकेट कोणाच्याच नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी धुक्यात त्या बोटीचं इंजिन बंद पडलं आणि ती पाण्यानं भरून बसली. माणसं याच्या जाळ्याला तरंगत ठेवणाऱ्या पिंपांना धरून होती. याच्या होडीत सगळ्यांना जागा नव्हती. त्यानं आधी पोरं घेतली, मोठ्यांना पिंप सोडू नका म्हणून बजावलं, पोरं घरी स्वतःच्या आईच्या हवाली करून तो तसाच माघारी गेला. तिथे कोणीच नव्हतं. तेव्हापासून तो तीनदा शोधून आला होता. आईला सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती, आणि म्हणूनच त्यानं आम्हालाही कळवलं नव्हतं.

मी सागरी पोलिसांना आणि तटरक्षक दलाला फोन लावायला सांगितला. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पंचनाम्याचे विचार सुरू झाले होते. त्या पोरांकडे बघवेना.

मावशी मात्र रडली नाही. तिनं लेकाला विचारलं, पिंपावरचा बावटा कुठे आहे? आपलं जाळं ओळखू यावं म्हणून पिंपाला काठी लावून त्यावर कापडाचा बावटा बांधतात. प्रत्येक घराचं कापड वेगळं असतं. यांचा तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा होता, त्यावर दोन पिवळे पट्टे. लेक म्हणाला, काठी आहे, कापड गेलं.

"दोरी तुटली व्हती का सोडली व्हती?"

त्यानं डोळे पुसले आणि आठवून पाहिलं. दोरी काठीलाच लोंबत होती, सोडलेली.

"मग रडतोस काय रे? बुडनारा मानूस गाठी सोडीत बसतो काय? कोनीतरी त्यांना वर घेतला आनि जाताना एकीनं माजा बावटा नेला." मग ती माझ्याकडे वळली. "सायबा, तू मानसं शोधू नको. बावटा शोध."

तीस वर्षं तपास करणाऱ्या माणसाला मासे विकणाऱ्या बाईनं शिकवावं, आणि ते त्यानं मुकाट्यानं वहीत लिहून घ्यावं, असा तो प्रसंग होता. मी बिनतारी संदेश पाठवला: सर्व ठाण्यांनी मजुरांच्या वस्त्या तपासाव्यात, एखाद्या स्त्रीजवळ दोन पिवळ्या पट्ट्यांचं हिरवं कापड असल्यास तात्काळ कळवावं. कंट्रोल रूमचा अंमलदार दबक्या आवाजात म्हणाला, "सर, साडी हरवलीय का कोणाची?" मी त्याला झापलं. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

मुलांची वैद्यकीय तपासणी करून घेतली. बालकल्याण समितीनं कॉन्स्टेबलच्या देखरेखीखाली त्यांना मावशीकडेच राहू दिलं. मावशीनं चारकोपच्या बाजारातून चौघांना कपडे आणवले आणि धाकट्याचे दोन नंबर मोठे आले म्हणून लेकाला फैलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मानखुर्दहून एका बीट हवालदाराचा फोन आला. मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई हिरवं कापड छातीशी धरून बसली आहे, कोणाला हात लावू देत नाही, आणि मुकादम म्हणतो ती वेडी आहे.

ती अजिबात वेडी नव्हती. एका दूरच्या बंदराच्या ट्रॉलरनं सगळ्यांना वर घेतलं होतं आणि मुंबईत दुसऱ्या धक्क्यावर उतरवलं होतं. गुन्हा दाखल होईल या भीतीनं मुकादमानं त्यांना कोणालाही फोन करू दिला नाही, पोलीस तुम्हालाच आत टाकतील असं सांगून त्यांना शेडमध्ये दडवलं. पुढे त्याच्यावर आणि बोटमालकावर गुन्हा नोंदवला, तो भाग वेगळा. कापड का आणलं, असं मी त्या बाईला दुभाष्यामार्फत विचारलं. ती म्हणाली, ज्या नावेनं माझी लेकरं नेली तिचं निशाण माझ्याजवळ असायला हवं होतं, नाहीतर मी कोणाला काय दाखवून विचारलं असतं?

दुपारी मी चौघा भावंडांच्या आईबापांना फेरीबोटीनं घेऊन गेलो. ती बाई पुढे उभी होती, बावटा दोन्ही हातांनी उंच धरून. जेट्टीवरून पहिली आरोळी मोठ्या मुलीनं ठोकली. मग कोण कोणाच्या गळ्यात पडलं ते मला सांगता येणार नाही, कारण माझा चष्मा धूसर झाला होता. तांडेल पाठ फिरवून उभा होता. मुलांच्या बापानं त्याला मागून मिठी मारली तेव्हा कुठे तो वळला.

मावशी कमरेवर हात ठेवून त्या आईला म्हणाली, "उशीर केलास गो. माजी वरसाची सुकट संपवली या पोरांनी."

नियमानं ते कापड मुद्देमालात जमा करायला हवं होतं. मी त्याचं वर्णन आणि फोटो कागदावर घेतला, आणि मावशीनं ते त्या आईच्या पदरात बांधून दिलं. आपल्या लेकाला सांगितलं, मी दुसरं लुगडं फाडते.

बेपत्ता माणसाच्या फॉर्मवर उंची, रंग, बांधा, अंगावरचे कपडे, सगळ्याला रकाने असतात. त्या दिवसापासून मी शेवटी एक प्रश्न तोंडी विचारू लागलो: हातात काय होतं? माणूस जीव वाचवताना जे धरून ठेवतो, त्यावरून तो कोणाकडे परत जाऊ पाहतो ते कळतं. नव्या पोरांनाही मी हेच शिकवलं.

अजूनही मी अधूनमधून खाडीपलीकडे जातो. मावशी आता थकली आहे, पण चहाशिवाय सोडत नाही. दर दिवाळीला तिला ओडिशाहून फोन येतो. पलीकडून चारही पोरं एकदम बोलतात, इकडून ही बोलते, आणि कोणालाच कोणाचं काही कळत नाही. तो फोन अर्धा तास चालतो.